पाणी पाजणारे व्याही

माणूस उपासमारीने मरत नाही, हार्ट अटॅकने मरत नाही, म्हातारपणानेही मरत नाही. तो फक्त पाणी कमी प्यायल्याने मरतो, असं ठाम मत असलेला या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. इतरांना व्याही मिळतात ते मानपानाचे. कोणाला फेटा लागतो, कोणाला अंगठी लागते, कोणी आहेरातल्या टॉवेलावरून तीन वर्षं बोलत नाही. आमच्या व्याह्यांना यातलं काहीच लागत नाही. समोरच्याने पाणी प्यावं एवढंच त्यांचं मागणं. पण ते आत्ता प्यावं, त्यांच्या देखत प्यावं आणि पेला उपडा करून दाखवावा. मी जळगावच्या एका शाळेत पस्तीस वर्षं कारकुनी केली. चार मुख्याध्यापकांचे हुकूम ऐकून झाल्यावर निवृत्त झालो, तेव्हा आता तरी आपल्याला कोणी काही करायला सांगणार नाही, अशी माझी भाबडी समजूत होती. पण निवृत्त माणूस म्हणजे सल्ले ठेवायची मोकळी जागा. मुलगा सांगतो रोज इतकी पावलं चाला, बायको सांगते नाचणी खा, फोन सांगतो सकाळी हळद घ्या. या सगळ्यांना मी मान हलवून वाटेला लावतो. व्याह्यांना मात्र मान हलवून चालत नाही. त्यांना गिळण्याचा आवाज ऐकू यावा लागतो.

त्यांची माझी पहिली भेट आमच्या मुलीला बघायला आले तेव्हाची. धुळ्याहून सात माणसं आली होती. कांदेपोहे झाले, ओळखी निघाल्या, मुलाच्या मामाने मुलीला तिचं शिक्षण विचारलं, मावशीने स्वयंपाकाचं विचारलं. मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. (त्यांना सगळे आबाच म्हणतात, मीही म्हणतो.) आबा खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी आपल्या अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "बेटी, दिनभरमा पानी कितलं पेस तू?" आमची मुलगी एम.कॉम. झालेली. कुठल्याही प्रश्नाची तयारी करून बसलेली. पण हा पेपर तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. ती घाबरून म्हणाली, "चार-पाच ग्लास." आबांचा चेहरा असा उतरला की आमच्या सौभाग्यवतीने आतल्या खोलीत देवापुढे सुपारी ठेवली. नंतर कळलं, परतीच्या गाडीत त्यांनी सगळ्यांना गप्प करून सांगितलं होतं, "पोर सोनानी शे. पानीनं मी देखी लिसू." पाण्याचं ते बघून घेणार होते, त्यामुळे लग्न ठरलं. मुलीला सासरी कशाचा जाच आहे का, असं सौ. अजूनही अधूनमधून विचारते आणि मुलगी दर वेळी हसून एकच उत्तर देते.

आता या वेडाच्या मुळाशी काय आहे, ते सांगायला हवं. आबांनी सगळी नोकरी धुळ्यात पाणी सोडण्यात काढली. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली पाइपाचा व्हॉल्व्ह असतो, तो पुरुषभर उंचीच्या चावीने फिरवायचा आणि गल्लीला पाणी द्यायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. आठवड्याने येतात, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे खांद्यावर चावी टाकून सायकलवरून येणारे आबा दिसले की बायका हंडे, पातेली, बादल्या, तान्ह्या पोराचा टब, जे सापडेल ते घेऊन बाहेर यायच्या. आणि पाणी सोडून झालं की कोणत्या ना कोणत्या दारातून हाक यायचीच, "आबा, पानी पी जा." नुकत्याच आलेल्या नळाचं पाणी पहिल्यांदा आबांना. कितीतरी घरांत ही रीतच पडून गेली होती. ते उन्हाचे दारोदार एक-एक पेला घेत, 'गोड शे' असं सर्टिफिकेट देत पुढच्या गल्लीला लागायचे. पाणी एकच, टाकी एकच, पण आबांच्या मते प्रत्येक घरच्या पाण्याची चव निराळी. पुढे ते निवृत्त झाले तरी चावी काही सुटली नाही, कारण कुठल्या झाकणाखालून कुठली गल्ली भिजते, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. नवीन लोक अडले की बोलावून न्यायचे. आबा जायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे आणि गल्लीभर पाणी पिऊन यायचे.

आपण इतकं पाणी पितो आणि ठणठणीत आहोत, तेव्हा जगानेही तसंच करावं, हा सिद्धान्त त्यातूनच निघाला असावा. त्याला शास्त्राचा आधार म्हणून त्यांनी स्वतःचे काही नियम केले होते. उठल्यावर चूळ न भरता दोन तांबे. आंघोळीआधी एक, नंतर एक. चहाच्या आधी एक, कारण चहा सुकवतो. चहाच्या नंतर एक, कारण आधीचं चहाने सुकवलं. शेवभाजीचा रस्सा, ताक, वरण हे पाण्यात धरायचं नाही, ते जेवण. तहान लागेपर्यंत थांबणारा माणूस त्यांच्या लेखी आळशी. मुलीकडे पहिल्यांदा राहायला गेलो, तर सकाळी फोडणीच्या पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना त्यांनी भर पंक्तीत मला लघवीचा रंग विचारला. मी सौ.कडे पाहिलं, सौ.ने पोह्यांकडे पाहिलं. "लाजू नका याही," ते म्हणाले. आमच्या भागात व्याह्याला याही म्हणतात. "तुम्हना तोंडना रंग देखा. सुकेल वांगासारखा व्हई ग्या." त्या दिवशी दुपारपर्यंत मी सात पेले पाणी प्यायलो आणि उरलेला दिवस त्यांच्या घराच्या एकाच दाराशी ये-जा करण्यात घालवला. धुळे कसं वाटलं, असं कोणी विचारलं तर मला आजही त्या दाराची कडीच आठवते.

लग्नाची गोष्ट तर दोन्हीकडचे नातेवाईक अजून सांगतात. वरबाप म्हणून त्यांनी मांडवाच्या दाराशी उभं राहून स्वागत करून घ्यायचं, अत्तर लावून घ्यायचं, जरा रुसून दाखवायचं. हे गृहस्थ फेटा बांधून पाण्याच्या जारपाशी उभे. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, तुपाची धार, असा आपल्या खानदेशी लग्नाचा बेत. मी मुलीचा बाप, सगळं पुरेल ना या काळजीने अर्धा झालेला. पंगत बसली आणि आबांनी भटजींच्या हातातला माईक घेतला. "मंडळी, घाई नही. पहिले सगळा एक-एक पेला पानी पी ल्या, मंग बट्टी." लोक ऐकतात हो अशा माणसाचं! आणि तेही एकदा नाही. प्रत्येक वाढपाबरोबर त्यांचा पाण्याचा जग फिरत होता. परिणाम असा झाला की पाचशे पानांच्या बट्ट्यांतल्या निम्म्या उरल्या. पुढे तीन दिवस आम्ही, शेजारी, मांडववाला आणि मांडववाल्याचे पाहुणे बट्टीच खात होतो. आबा मात्र खूश. "देखा याही, एकबी माणूस आजारी पडना नही," असं त्यांनी मला फोन करून कळवलं. बट्टी खाऊन कोणी आजारी पडतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर जळगाव-धुळे एसटीने गेलो आणि पुन्हा जाणार नाही अशी शपथ घेतली. वैशाखातली दुपार. गाडीत बसण्याआधी त्यांनी मला स्टँडवर दीड लिटर पाणी पाजलं, उन्हाची झळ लागू नये म्हणून. एरंडोल यायच्या आतच मला झळ नको पण पाणी आवर, असं झालं. मी खिडकीबाहेर कपाशीची काळी शेतं पाहत मन दुसरीकडे वळवत होतो, आणि हे शेजारी बसून कंडक्टरला सांगत होते की तुमच्या खात्यात मूतखडे फार, कारण तुम्ही पाणी पीत नाही. मी हळूच म्हटलं, "आबा, गाडी थांबवायला सांगा." त्यांनी मोठ्याने सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "आबा, पारोळ्याबिगर गाडी थांबनार नही." तेव्हा आबांनी उभं राहून अख्ख्या गाडीला विचारलं, कोणाकोणाला उतरायचं आहे? अकरा हात वर झाले. स्टँडवर त्यांनी ओळख ना पाळख अशा आणखी दहा जणांना पाणी पाजलं होतं. गाडी एका लिंबापाशी थांबली. परत चढताना त्या अकरा जणांत जी नजरानजर झाली, तिला मैत्री म्हणायला हरकत नाही.

आणि रोज संध्याकाळचा फोन. "याही, पानी पिधं का?" मी खोटं सांगायचो. पाच वर्षं मी रोज दहा पेल्यांचं खोटं बोललो. खरं तर मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, आणि वर पाण्यासाठी उठायचं, मग त्या पाण्यासाठी पुन्हा उठायचं. आमच्या डॉक्टरांना एकदा सरळ विचारलं की माणसाने दिवसाला पाणी प्यावं तरी किती. ते म्हणाले, "तहान लागली की प्या. उन्हात फिरलात तर थोडं जास्त. सगळ्यांना एकच माप नसतं." मी हे आबांना अगदी विजयी मुद्रेने सांगितलं. "डॉक्टर बदला," ते म्हणाले.

मागच्या थंडीत त्यांच्या पायांवर सूज आली. दोन पायऱ्या चढून धाप लागायला लागली. त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी वाढवलं आणि सूज आणखी वाढली. दवाखान्यात भरती केलं, तेव्हा कळलं की हृदय थकलंय. शरीरातलं पाणी बाहेर टाकायची त्याची ताकद कमी झाली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, व्हॉल्व्हची चावी आता कायमची बंद, आणि पाणी दिवसाला एक लिटर. त्याच्या वर थेंब नाही. "वरण धरीसन?" आबांनी विचारलं. वरण धरून, चहा धरून, रस्सा धरून, औषधाचा घोट धरून. मी तेव्हा पलंगाशेजारी उभा होतो. इतक्या वर्षांत मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल, या माणसाला कोणीतरी पाणी पिण्यावरून गप्प करा रे. ते असं होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आमचे जावई हुशार आणि बापावर जीव असलेला मुलगा. त्यांनी त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: बाबांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं आहे, ते कोणाला नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून कृपया कोणीही त्यांना पाणी किंवा चहा विचारू नये. गल्लीतही सगळ्यांना तसंच सांगितलं. ग्रुपवर मेसेजखाली सगळ्यांनी हात जोडले आणि सगळ्यांनी अगदी मनापासून पाळलं. आबांकडे साधा फोन, बटणांचा. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बरं वाटू लागल्यावर ते आता काठी टेकत का होईना, पण नेहमीसारखे चार घरी जाऊन आले. नंतर दोन घरी. मग घराबाहेर पडायचेच बंद झाले. मोजून दिलेलं लिटर औषधासारखं प्यायचे, जेवण अर्ध्यावर ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. संध्याकाळचा फोनही थांबला. वैशाखात मुलीचा फोन आला. "बाबा, डॉक्टर म्हणतात हिंडतं-फिरतं राहायला हवं, नुसतं पडून राहिले तर हे हृदय फार दिवस साथ द्यायचं नाही. आमचं ऐकत नाहीत. चार दिवस तुमच्याकडे पाठवू का? तुमच्याशी बोलतील."

मी स्टँडवर आणायला गेलो. जावयांनी धुळ्यात बसवून दिलं होतं. आबा उतरले ते निम्मे झालेले. सदरा खांद्यावरून ओघळत होता. ऊन असं की रिक्षाची सीट हाताला चटका देत होती. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. त्यांना दिसू नये म्हणून मी रिक्षावाल्याशी बोलायच्या निमित्ताने तोंड फिरवून चोरून दोन घोट घेतले. साठी उलटलेला माणूस मी, शाळेतल्या पोरासारखा चोरून पाणी पीत होतो.

घरी सौ. दारात उभी. काय द्यावं यावर आमची आदल्या दिवशी बरीच चर्चा झाली होती. पाणी नाही. चहा नाही. पन्हं म्हणजे पाणीच. ताक म्हणजे पाणीच. मग पाहुण्यापुढे ठेवायचं तरी काय? शेवटी तिने बशी आणून ठेवली ती खाऱ्या शेंगदाण्यांची. वैशाखात अडीच तास एसटीत भाजून आलेल्या, तोंड कोरडं पडलेल्या व्याह्यापुढे आम्ही खारे शेंगदाणे ठेवले आणि दोघंही समाधानाने त्यांच्याकडे बघत बसलो.

आबा खुर्चीच्या कडेवर टेकले होते. चपला पायांतच होत्या. त्यांनी एक शेंगदाणा उचलला, थोडा वेळ बोटांत धरला आणि परत बशीत ठेवला. मी हवापाण्याचं बोलायला गेलो आणि पाणी हा शब्द आला म्हणून मध्येच थांबलो. ते उठले. "चला, निंघस मी. साडेचारनी गाडी शे."

"आबा, अहो आत्ता तर आलात! चार दिवस राहायला आलात ना?"

"नही. देखी लिधं." त्यांनी काठी घेतली. मग दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "याही, इतला वरीस मी समजू, लोके मले पानी पाजतस. मले नही पाजेत. चावीले पाजेत. आते मन्हा हातमा चावी नही, म्हनीसन कोनी इचारस नही. धुळामा नही इचारं, ते मी समजी लिधं. पन तुम्हना गल्लीमा तं मी कधी पानी सोडं नव्हतं. तुम्ही कसाकरता इचारं नही?"

आमच्या भागात दारी आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी देतात. ज्याला पाणी विचारत नाहीत, त्याच्याशी नातं संपलं, असं दोन्ही बाजूंनी समजायचं असतं. हे मला ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. मी घाईघाईने सगळं सांगितलं. जावयांनी काय लिहिलं, का लिहिलं, सगळ्यांनी ते त्यांच्या जिवासाठी कसं पाळलं, गल्लीतल्या बायका मुलीला रोज त्यांची तब्येत कशी विचारतात, कोणाच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"पोरनी चांगलंच कयं," ते म्हणाले. "त्याना काय दोष. मी 'नही' म्हनाले शिकनूच नही." मग माझ्याकडे पाहिलं. "मी नही पिनार, याही. घोटभर पिसन पेला परत दी दिसू. पन कोनी इचारं तं पाहिजे ना."

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि पाण्याचा पेला काठोकाठ भरून घेऊन आली, डोक्यावरचा पदर सारखा करून, पहिल्यांदा बघायला आलेल्या पाहुण्यांना द्यावा तसा. म्हणाली, "आबा, पाणी घ्या."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. एक घोट घेतला. तोंडात थोडा वेळ धरून गिळला. मग आणखी एक घेतला. पेला खाली ठेवताना थोडं पाणी टेबलावर सांडलं, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसलं. "गोड शे," ते म्हणाले. चपला काढून त्यांनी खुर्चीखाली सरकवल्या आणि पाठ मागे टेकली. साडेचारच्या गाडीचं पुन्हा कोणी काढलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी त्यांना कॉलनीत चार घरी घेऊन जाणार होतो. आधी फोन करून सगळ्यांना सांगितलं की आमचे व्याही येताहेत, पाणी नक्की विचारा, ते घोटच घेतील, पण विचारा. लोकांना ते जरा विचित्र वाटलं असेल. वाटू दे. फोन करून झाल्यावर मी परत त्यांच्यासमोर येऊन बसलो. त्यांना डुलकी लागत होती. टेबलावरचा पेला अजून जवळजवळ भरलेला होता. सौ. तो उचलून बेसिनमध्ये ओतायला निघाली. मी तिला थांबवलं. व्याह्यांचं उष्टं पाणी आपल्यात कोणी पीत नाही, आणि मला तहानही नव्हती. मी पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. आबांनी डोळे किलकिले करून पाहिलं आणि परत मिटले.